ग्रंथपाल रंगनाथन आणि आमची दोन कपाटे

आमच्या मंडळाच्या वाचनालयात दोन कपाटे आहेत. दोन्हींना कुलूप असते, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ बहुधा परगावी गेलेले असतात. या ग्रंथासाठी मंडळाची जुनी इतिवृत्ते चाळताना आम्ही या कपाटांपाशी येऊन थांबलो, आणि आम्हांस डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे स्मरण झाले.

रंगनाथन यांचा जन्म 1892 सालचा, तंजावर जिल्ह्यातील शियाळी गावचा. तंजावर म्हटले की मराठी माणसास सरफोजी महाराज आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवावयाचेच. परंतु रंगनाथन ग्रंथांकडे वळले ते त्या वारशामुळे नव्हे. ते गणिताचे अध्यापक. 1924 च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले खरे. पण त्या सामसूम जागेत आठवड्याभरातच त्यांचा जीव उबगला. मला पुन्हा वर्गावर घ्या, अशी विनवणी त्यांनी आपल्या जुन्या प्राचार्यांना केली. आधी विलायतेस जाऊन या विषयाचे शिक्षण घ्या, तरीही मन रमले नाही तर परत या, असे ठरले.

लंडनला त्यांनी बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली अध्ययन केले आणि अनेक ग्रंथालये पाहिली. तेथे कामगार आणि मुलेही ग्रंथालयात हक्काने येत, हे त्यांच्या मनावर ठसले. एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. पण जोडणी बदलली की नवी वस्तू तयार! त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचे बीज यात होते. ज्वारीवरील रोगांच्या निवारणाचे पुस्तक घ्या. शेती, ज्वारी, रोग, निवारण असे त्याचे घटक अलग करावयाचे आणि अपूर्णविरामाच्या चिन्हाने सांधून त्याचा क्रमांक बनवावयाचा. पुढे कोणता विषय जन्मास येईल हे कोणास ठाऊक नसले, तरी त्यालाही जागा मिळते. ही पद्धती 1933 साली प्रसिद्ध झाली.

आम्हांस मात्र त्याहून मोलाची वाटतात ती 1931 साली ग्रंथरूपाने आलेली त्यांची पाच सूत्रे. त्यांतील पहिले अगदी साधे: पुस्तक वापरासाठी असते. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळदंडांनी बांधून ठेवीत, त्याचा दाखला ते देतात. मद्रासला त्यांनी वाचकांना थेट फडताळांपर्यंत जाऊ दिले. पुस्तके हरवतील, या आक्षेपावर त्यांचे उत्तर हिशेबी होते: थोडी हरवतीलही, पण न वाचता पडून राहणाऱ्या पुस्तकांचे नुकसान त्याहून मोठे. 1931 सालीच तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडी येथे बैलगाडीवरील फिरते वाचनालय निघाले. पुस्तके खेड्यातील वाचकाच्या दारी गेली.

मद्रासचा 1948 चा ग्रंथालय कायदा हे त्यांच्या दीर्घ खटपटीचे फळ. ग्रंथालयांसाठी कर बसविण्याची तरतूद त्यात होती. (कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच ग्रंथालय कायदा केला होता, हे येथे अभिमानाने नमूद करतो, महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात मात्र असा कर नाही, हेही सांगितले पाहिजे.) तत्पूर्वी 1945 ते 1947 या काळात बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचे वर्गीकरण एकट्याने केले. पुढे पदरचे एक लाख रुपये देऊन मद्रास विद्यापीठात पत्नी सारदा यांच्या नावे अध्यासन स्थापिले. 1972 साली बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. 12 ऑगस्ट हा दिवस आता त्यांच्या स्मरणार्थ देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

आमची दोन्ही कपाटे यापुढे रविवारी सकाळी उघडी ठेवावीत, असा ठराव वार्षिक सभेपुढे येत आहे. मुलांना मराठी वाचता येत नाही, अशी तक्रार प्रत्येक सभेत होते. त्यांच्या हाताला लागेल असे पुस्तक कुलपाबाहेर नाही, हे कोणी बोलत नाही. ठरावास विरोधही आहे, आणि विरोध करणाऱ्यांपैकी काहींनीच या पुस्तकांसाठी दारोदार वर्गणी गोळा केली होती. त्यांनी सभेस अवश्य यावे.