भीमेच्या पाण्यातले पाहुणे

आम्ही भिवंडीकर खाडीकाठचे. मासळी म्हटली की ती खारीच, असा आमच्या घरचा दंडक. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, असे म्हणून आईने रोहूला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. पुढे मागांवर काम करायला मुलखामुलखांतली माणसे गावात आली आणि बाजारात रोहू-कटल्याच्या पाट्या दिसू लागल्या. एकदा सहज विचारले, "बाई, हा कुठला?"

"उजनीचा, गुरुजी."

उजनी म्हणजे इंदापूर-करमाळ्याकडचा दुष्काळी टापू! वर्षाकाठी वीस-पंचवीस इंच पाऊस, तोही लहरी. १८५८ साली पुण्याहून निघालेले आगगाडीचे रूळ भिगवणजवळ डिकसळला पोहोचले, तेव्हा उतारूंना दिसली असतील ती बाभळीची झाडे आणि मेंढरे. तिथून भिवंडीला मासळी यावी?

ही किमया धरणाची. १९६६ साली भीमेवर काम सुरू झाले, १९८० साली पुरे झाले. फुगवट्याखाली कितीएक गावे गेली. पळसदेवचे जुने देऊळही गेले. पाणी फार ओसरले की ते अजून डोके वर काढते, आणि उठून गेलेल्या गावची म्हातारी माणसे ते पाहायला येतात. ज्या शिवारात ज्वारी उभी राहायची, त्यावरून होड्या फिरू लागल्या.

नदीत मरळ, वाम, शिंगाडा हे मासे पूर्वीपासूनचे. कटला, रोहू, मृगळ यांची मूळ वस्ती मात्र गंगेच्या खोऱ्यात. ही मंडळी मोठी मानी. साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज पुराच्या पाण्यातून गाळून आणावे लागे. १९५७ साली ओरिसात हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण करविली, तेव्हा कुठे धरणाधरणांतून बोटुकली सोडण्याची वाट मोकळी झाली. चिलापीला असले लाड लागत नाहीत. मूळची ती आफ्रिकेची. १९५२ साली सिंहलद्वीपातून हिंदुस्थानात आली. मादी अंडी तोंडात सांभाळते. मग काय, उजनीत चिलापीच चिलापी!

कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात गळाने मासे धरणे हा राजाचा विनोद म्हणून वर्णिला आहे. इथे विनोद कसला? भोई पिढीजात जाळेवाले खरे, पण जमिनी बुडालेल्यांतलेही काही जण जाळ्याकडे वळले. भल्या पहाटे होडी लोटायची नि भिगवणच्या लिलावाला माल पोहोचवायचा. अलीकडे तंटा आहे तो बारीक आसाच्या जाळ्यांचा. चार बोटांची पिले उचलून सुकवायला घातली, तर पुढच्या वर्षी जाळ्यात यायचे काय? जुने भोई याच प्रश्नावर चिडतात. मला त्यांचेच म्हणणे पटते.

त्या दिवशी मी एक रोहू घेतला. घरी हिने पिशवीत डोकावून विचारले, "खाडीचाच ना?"

"भीमेचा," मी म्हणालो. तिने मुकाट्याने चिंच भिजत घातली.