आदिवासी संस्कृती : रंगमंचावरून अभ्यासक्रमाकडे

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा दिवस जगातील मूलनिवासी समाजांसाठी मुक्रर केला. आपल्याकडे तो 'जागतिक आदिवासी दिन' म्हणून ओळखला जातो. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यात सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंतचे आदिवासी विद्यार्थी शिक्षणासाठी येतात. त्यांच्या नृत्य-वाद्यांना टाळ्या मिळतात. परंतु त्यांचा इतिहास अभ्यासक्रमात कितपत उतरतो, हा खरा प्रश्न आहे.

पुण्यातील अभ्यासपरंपरा

आदिवासींच्या अभ्यासाशी पुण्याचे नाते जुने आहे. डॉ. गो. स. घुर्ये यांचा आदिवासींच्या भवितव्यावरील वादग्रस्त ग्रंथ १९४३ मध्ये येथील गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच, अशी घुर्ये यांची भूमिका होती. तर व्हेरियर एल्विन यांनी त्यांचे वेगळेपण जपण्यावर भर दिला. आपल्याला काय म्हणावे या वादात खुद्द आदिवासींचा आवाज मात्र फारसा नव्हता. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी मानवशास्त्राच्या अध्यापनाची आणि क्षेत्रसंशोधनाची परंपरा रुजविली.

१९६२ मध्ये राज्य शासनाने पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. क्वीन्स गार्डन येथील तिच्या संग्रहालयात वाद्ये, मुखवटे, दागिने, शेतीची व शिकारीची साधने पाहावयास मिळतात. जमातीच्या दाव्यांच्या पडताळणीशीही या संस्थेचा निकट संबंध आहे. खोट्या दाखल्यांमुळे खऱ्या आदिवासींच्या जागा हिरावल्या जात असल्याने 'आदिवासी कोण?' हा प्रश्न केवळ पंडिती उरत नाही. महादेव कोळी समाजातून आलेले डॉ. गोविंद गारे यांनी या संस्थेचे संचालकपद भूषविले आणि विपुल ग्रंथलेखन केले. अभ्यासविषय असलेला समाज स्वतः अभ्यासक झाला, हे या वाटचालीतील महत्त्वाचे वळण होय.

कला आणि तिचा संदर्भ

वारल्यांचा तारपा नाच, ठाकरांचा कांबड नाच, जव्हार-मोखाडा भागातील बोहाडा, गोंडांचे रेला नृत्य ही केवळ करमणूक नव्हे. पीक, पाऊस, देवदेवता आणि पूर्वज यांच्याशी त्यांची सांगड असते. वारली चित्रेही मुळात लग्नप्रसंगी सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली. १९७० च्या दशकात ती कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. विद्यापीठीय महोत्सवांतील दहा मिनिटांच्या सादरीकरणात हा सारा संदर्भ गळून पडतो. आदिवासींच्या वतीने इतरांनीच बोलत राहण्याचा हा अनुभव वाहरू सोनवणे यांच्या कवितेने मराठीत प्रभावीपणे मांडला आहे.

सलोखा म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियाच्या संसदेत १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रुड यांनी कुटुंबांपासून तोडल्या गेलेल्या मूलनिवासी मुलांची माफी मागितली. कॅनडात निवासी शाळांमधील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. मूलनिवासींचा इतिहास सर्वांनाच शिकविला जावा, हा त्यांतील एक महत्त्वाचा आग्रह. आधी सत्यकथन, मग सलोखा, असा हा क्रम आहे.

आपल्याकडे असा आयोग झाला नाही. सांगण्याजोगे सत्य मात्र पुष्कळ आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापूरच्या 'सेटलमेंट'मध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. कलंक मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने ही वेदना मराठी वाचकांपुढे आणली. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, हेही पदवीपर्यंतच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

हा इतिहास पुण्यापासून दूरही नाही. जुन्नर, आंबेगाव व खेड तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी, ठाकर व कातकरी राहतात. घोड नदीवरील डिंभे धरणाने सखल भागांतील शिवारे भिजविली. पण त्यासाठी वरच्या खोऱ्यातील आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र वनवासी समाजांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली प्रस्तावनेतच दिली. आपल्याकडील सलोख्याच्या शिक्षणाचा आरंभ याच कबुलीपासून करता येईल.

पुढची दिशा

वसतिगृहातील खानावळीऐवजी पैसे थेट बँक खात्यात देण्याच्या निर्णयाविरुद्ध २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता. सन्मानाने शिकता येणे हीच त्यांची पहिली मागणी असते, याचे ते स्मरण. विद्यापीठांनी गोंडी, भिली, कातकरी बोलींच्या जाणकारांना अध्यापनात स्थान द्यावे, संशोधनाचे निष्कर्ष त्या त्या पाड्यावर परत न्यावेत आणि वनहक्काचे दावे हा क्षेत्रकार्याचा विषय करावा. तारप्याच्या नादावर ठेका धरणे सोपे आहे. तारपा वाजविणाऱ्याची जमीन कोठे गेली, हे विचारावयास शिकविणे हे विद्यापीठाचे काम आहे.