थंड पाण्यांतून काढलेली ऊब

स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरांत लिमाट नदीच्या पात्रांतच उभारलेलें, सतराव्या शतकाच्या अखेरचें एक नगरसभागृह आहे. तेथील लाकडाच्या शेगड्या इ. स. १९३८ च्या सुमारास विझल्या, आणि तें सभागृह खालून वाहणाऱ्या गार पाण्यांतील उष्णतेवर तापूं लागलें. हें ऐकून कोणासहि हंसूं येईल. परंतु हकीकत खरी आहे.

पाणी उंचावरून सखल भागाकडे आपोआप वाहतें. उलट न्यावयाचें तर रहाट लागतो आणि तो ओढावयास बैल लागतात. उष्णतेचेंहि तसेंच आहे. थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे ती न्यावयाची तर शक्ति खर्चावी लागते. मौज अशी कीं, खर्चिलेल्या शक्तीच्या कितीतरी पट उष्णता हातीं लागते. कारण यंत्र ती निर्माण करीत नाहीं, बहुतेक नुसती वाहून आणतें. घरांतील फ्रिजच्या पाठीला किंवा कुशीला हात लावून पाहा. वर्गांत मला हाच दाखला सर्वांत उपयोगी पडे.

ही कल्पना विल्यम थॉमसन यांनीं, म्हणजे पुढील काळच्या लॉर्ड केल्व्हिन यांनीं, १८५२ सालीं ग्लासगो येथें मांडली. तिच्यावरून इमारती तापविण्याचें काम मात्र दीर्घकाळ कोणीं मनावर घेतलें नाहीं. कोळसा मुबलक असलेल्या देशाला काटकसरीची विद्या गोड लागत नाहीं, असें माझें मत आहे. ऑस्ट्रियांत पेटर रिटिंगर यानें १८५५ ते १८५७ या काळांत एबेनझे येथील मिठाच्या कारखान्यांत वाया जाणारी वाफ दाबून तीच पुन्हां खारें पाणी उकळण्यास लावली. हें पहिलें प्रत्यक्ष यश होय.

स्वित्झर्लंडची गोष्ट निराळी होती. तेथें कोळसा परदेशांतून आणावा लागे. जलप्रपातांची वीज मात्र घरची. झुरिकचें यंत्र एशर व्हिस कंपनीनें बनविलें. तें सुमारें १०० किलोवॅट उष्णता देऊन पाणी ६० अंशांपर्यंत तापवी, आणि उन्हाळ्यांत तेंच सभागृह थंडहि करी. महायुद्धांत कोळशाची टंचाई पडतांच १९४१ सालीं शहराच्या पोहण्याच्या तलावासहि असेंच यंत्र बसलें. सभागृहाच्या यंत्रांत फिरणारें द्रव्य तेव्हां अगदीं निरुपद्रवी मानलें जाई; त्याच जातीचीं द्रव्यें वातावरणांतील ओझोनचा नाश करतात, हें पुढें कळलें, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यांच्यावर बंधनें आलीं.

या यंत्रांत उष्णतेची देवघेव दोनदां होते: नदीकडून द्रव्याकडे आणि द्रव्याकडून घराच्या पाण्याकडे. पूर्वीं त्यासाठीं नळ्यांनीं भरलेलीं अवजड पिंपें लागत. ही अडचण सुटली ती दुधामुळें! रिचर्ड सेलिगमन यानें १९२३ सालीं इंग्लंडांत दूध निर्जंतुक करण्यासाठीं पातळ पत्रे एकापुढें एक रचले. एका फटींतून ऊन द्रव, शेजारच्या फटींतून गार द्रव. पत्र्यांवरील लहरींमुळें प्रवाह घुसळला जातो, आणि थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. दुग्धशाळांतून आजहि हीच रचना असते. १९७० नंतरच्या दशकांत हे पत्रे तांब्यानें एकमेकांस झाळण्यांत आले; मध्यें रबराची गरज उरली नाहीं, मोठा दाब सोसण्याची शक्ति आली, आणि एकेकाळीं खोली अडविणारें साहित्य पाटीएवढें झालें.

सभागृहाचें मूळ यंत्र २००१ सालीं बदलण्यांत आलें. तोंवर त्यानें त्रेसष्ट वर्षें नोकरी केली होती.