वाक्यपुनरुच्चार चाचणी

वाक्यपुनरुच्चार चाचणी : दुसऱ्या भाषेत बोलण्याची क्षमता मोजण्याची एक पद्धत. परीक्षार्थीला एकेक वाक्य एकदाच ऐकवले जाते व त्याने ते जसेच्या तसे म्हणून दाखवायचे असते. समोर लिखित मजकूर नसतो. वाक्यांची लांबी व गुंतागुंत टप्प्याटप्प्याने वाढत जाते. बालभाषेच्या अभ्यासातून निघालेली ही पद्धत १९७० नंतर द्वितीय भाषेच्या संशोधनात रुळली व १९९० च्या दशकापासून व्यावसायिक परीक्षांत आली.

तत्त्व : चार-पाच शब्दांचे वाक्य अर्थ न कळताही म्हणता येते, कारण ऐकलेला ध्वनी सुमारे दोन सेकंद कानात टिकतो. वाक्य त्याहून लांब असले की नुसती पोपटपंची पुरत नाही. ऐकणारा अर्थ धरून ठेवतो आणि वाक्य आपल्या व्याकरणातून पुन्हा जुळवतो. जे रूप त्याच्या व्याकरणात बसलेले नाही, ते गळते किंवा बदलते. त्यामुळे या चाचणीत चुकलेले वाक्यही माहिती देते. पाठांतराशी तिची गल्लत करू नये : पाठांतरात ऐकणे अनेकवार असते, येथे एकदाच. ध्वनीच्या आठवणीवर निभावता येऊ नये म्हणून काही आवृत्त्यांत वाक्य व उत्तर यांत दोनएक सेकंदांची शांतता ठेवतात.

इतिहास : कॉलिन फ्रेझर, अर्सुला बेलुगी व रॉजर ब्राउन यांनी १९६३ मध्ये तीन वर्षांच्या मुलांचे अनुकरण, आकलन व निर्मिती यांची तुलना केली, अनुकरण सर्वांत सोपे ठरले. डॅन स्लोबिन व चार्ल्स वेल्श (१९७३) यांनी एकाच मुलीच्या अभ्यासातून दाखवले की मूल ऐकलेले वाक्य आपल्या व्याकरणाच्या मापाने बदलून घेते. नील नायमन यांनी १९७४ मध्ये ही पद्धत फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांवर वापरली.

रचना व गुणदान : सर्वाधिक अनुकरण झालेला आराखडा लूर्देस ओर्तेगा व सहकाऱ्यांचा (२००२). त्यात ३० वाक्ये असून स्पॅनिश आवृत्तीत ती ७ ते १७ अक्षरावयवांची (सिलॅबल्सची) आहेत. प्रत्येक वाक्याला ० ते ४ गुण, एकूण १२०. हुबेहूब वाक्याला ४. अर्थ शाबूत पण रूप बदललेले असल्यास ३. आशय काहीसा बदलला वा अपुरा राहिला तर २. निम्मे किंवा त्याहून कमी वाक्य आल्यास १. मौन किंवा एखाददुसरा शब्द असल्यास ०.

मोजपट्टीची अडचण मराठी उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘शेजारच्यांनी पाळलेलं कुत्रं रात्रभर भुंकत होतं’ हे बोलताना १६ अक्षरावयवांचे वाक्य हिंदीभाषक शिकाऊला ऐकवले असे समजू. एकाचे उत्तर : ‘शेजारच्यांनी पाळलेला कुत्रा रात्रभर भुंकत होता’. दुसऱ्याचे : ‘शेजारच्यांनी पाळलेलं कुत्रं रात्रभर भुंकत होता’. वरील मोजपट्टीवर दोघांनाही ३. परंतु पहिल्याने नपुंसकलिंग टाळून संपूर्ण वाक्य पुल्लिंगात सुसंगत वळवले. ते शुद्ध मराठी आहे. दुसऱ्याने नामापर्यंत नपुंसकलिंग सांभाळले, क्रियापदाशी ते सुटले. पहिला वाट बदलून सुखरूप पोहोचला, दुसरा मूळ वाटेवर अडखळला. हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने दोघांची अडचण एकच असली, तरी त्यांच्या मराठीची अवस्था एक नाही. हा फरक टिपायचा तर विशिष्ट रूपावरच गुण देणारी पद्धत हवी. रोझमेरी एर्लम (२००६) यांनी शुद्ध व मुद्दाम अशुद्ध अशी दोन्ही वाक्ये ऐकवली. परीक्षार्थीने आधी विधान पटते की नाही ते सांगायचे, मग तेच शुद्ध इंग्रजीत म्हणायचे. लक्ष अर्थावर असतानाही अशुद्ध रूप आपोआप दुरुस्त झाले, तर ते रूप अंगवळणी पडले असे मानले जाते.

वाक्ये निवडताना ओळखीचे शब्द घेणे, आकडे व विशेषनामे टाळणे आणि अवघड रूप वाक्याच्या मध्यावर ठेवणे हिताचे असते. सुरुवात व शेवट स्मृतीत अधिक राहतात.

यंत्राकडून मूल्यमापन : मोकळ्या संभाषणात काय बोलले जाईल ते यंत्राला आधी ठाऊक नसते, येथे अपेक्षित वाक्य ठरलेले असल्याने वाणी-ओळख सोपी होते. अमेरिकेतील ऑर्डिनेट कंपनीने १९९० च्या दशकात दूरध्वनीवरून घेतलेली ‘फोनपास’ चाचणी याच सोयीवर उभी होती. तीच पुढे ‘व्हर्संट’ झाली. पिअर्सनच्या पीटीई अकॅडेमिक (२००९) परीक्षेतील ‘रिपीट सेंटेन्स’ प्रश्नात आशयाला ३, ओघ व उच्चार यांना प्रत्येकी ५ गुण असतात. सर्व शब्द योग्य क्रमाने आल्यास आशयाचे पूर्ण गुण. २०२६ पासून टोफेलच्या नव्या आराखड्यातही ‘ऐका व म्हणा’ हा प्रकार आहे.

दिल्ली परिसर : गुरुग्राम व नोएडा येथील कॉल सेंटरांच्या भरतीमुळे यंत्राने तपासलेल्या इंग्रजी संभाषण चाचण्यांना येथे मोठी मागणी आली. गुरुग्रामच्या अ‍ॅस्पायरिंग माइंड्स कंपनीच्या ‘स्वर’ चाचणीतही ऐकून म्हणायची वाक्ये होती. २०१९ मध्ये ही कंपनी एसएचएल या कंपनीने घेतली.

कस्तुरबा गांधी मार्ग (पूर्वीचा कर्झन रोड) हा कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा रस्ता परकीय भाषांच्या परीक्षांसाठी परिचित आहे. येथे ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. कौन्सिल ज्या आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेची सहमालक आहे, तिची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची मुलाखत असते. तीत पुनरुच्चार नाही. भारतातील या परीक्षेचे काम २०२१ मध्ये आयडीपी या दुसऱ्या सहमालक संस्थेकडे गेले. याच रस्त्यावरील माक्स म्युलर भवनाच्या जर्मन परीक्षांत, अगदी ए-१ पातळीवरही, परीक्षार्थी एकमेकांना प्रश्न विचारतात व विनंती करतात. थोडक्यात, या रस्त्यावरच्या तोंडी परीक्षांचा भर संवादावर, तर भरतीच्या यंत्रचाचण्यांचा पुनरुच्चारावर राहिला.

महाराष्ट्र : २०१६ मध्ये ऑटोरिक्षा परवान्यासाठी मराठीचे ज्ञान सक्तीचे करून अर्जदारांकडून मराठी उतारा वाचून घेण्यात आला, २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. कायद्याची बाजू येथे विचारात घेतलेली नाही. मापनाच्या दृष्टीने, देवनागरी जाणणारा हिंदीभाषक मराठी न समजताही उतारा वाचू शकतो, तर अस्खलित मराठी बोलणारा निरक्षर चालक नापास होतो. पुनरुच्चारात लिपीचा हा अडसर राहत नाही. अल्पसाक्षर प्रौढांसाठी ही चाचणी म्हणूनच विशेष उपयुक्त.

मतभेद व मर्यादा : चाचणी नेमके काय मोजते, यावर एकमत नाही. एर्लम यांच्या मते नकळत आत्मसात झालेले ज्ञान; युइची सुझुकी व रॉबर्ट डीकायझर (२०१५) यांच्या मते नियम शिकून सरावाने वेगवान झालेले ज्ञानही त्यात येते. स्मरणशक्तीचा वाटा किती, हाही वादाचा विषय आहे. एकूण प्रावीण्याशी गुणांचा मेळ चांगला बसतो. मात्र विषय काढणे, समोरच्याचा रोख ओळखणे, अडल्यास वळसा घेणे यांचे मापन येथे होत नाही. क्लासमध्ये संभाव्य वाक्यांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात. वाक्य आधीच पाठ असेल, तर चाचणीचा पायाच निसटतो. सबब प्रश्नपेढी वारंवार बदलणे आवश्यक ठरते. शिकणाऱ्यांचे गट पाडण्यास ही चाचणी जलद व स्वस्त आहे. केवळ तिच्या आधारे नोकरी वा व्हिसा ठरवणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

अन्य उपयोग : द्विभाषिक मुलांतील भाषादोषांची तपासणी.