एका घरातली मांजरं आणि संसर्गाने होणारा कर्करोग

आजची गोष्ट मांजरांची आहे, पण तिने कर्करोगाच्या संशोधनाला मोठं वळण दिलं. ज्यांच्या घरी एकापेक्षा जास्त मांजरं आहेत, त्यांच्या तर ती रोजच्या उपयोगाची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, हे पेटन राऊस यांनी 1911 साली कोंबड्यांमध्ये दाखवलं होतं. त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं 1966 साली, म्हणजे तब्बल 55 वर्षांनी! यावरूनच ही कल्पना पचायला किती जड गेली ते कळतं. मधल्या काळात, 1951 साली, लुडविक ग्रॉस यांनी उंदरांमधल्या ल्युकेमियामागेही विषाणू असल्याचं दाखवलं. पण ते उंदीर प्रयोगशाळेत वाढवलेले, आणि त्यांच्यात हा रोग आईकडून पिल्लांकडे जायचा. त्यामुळे, 'असेल, पण तो घराण्यातून येतो. शेजारी बसल्याने थोडाच लागतो?' असंच बहुतेकांना वाटत राहिलं.

आता स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जाऊ. तिथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात विल्यम जॅरेट हे रोगनिदानतज्ज्ञ होते. हॅरी फाफ या स्थानिक पशुवैद्याने त्यांच्या कानावर एक विचित्र गोष्ट घातली. एकाच घरात पाळलेल्या मांजरांना एकामागून एक लिम्फोसार्कोमा होत होता. लसिका पेशींचा हा कर्करोग. एखाद्या मांजराला झाला तर नशीब म्हणून सोडून देता येतं. पण एकाच छपराखाली एवढ्या जणांना? जॅरेट यांनी त्याचा माग घेतला. आजारी मांजराच्या गाठीतला अंश पिल्लांना टोचल्यावर त्यांनाही रोग झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडेला विषाणूसारखे कण फुटून बाहेर पडताना दिसले. 1964 साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू जगाला माहीत झाला.

विषाणू सापडला खरा, पण तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कळायला आणखी नऊ वर्षं लागली. न्यूयॉर्कच्या विल्यम हार्डी यांनी रक्ताच्या एका थेंबात हा विषाणू शोधणारी चाचणी तयार केली. तोवर मांजर आजारी पडल्यावरच काही कळायचं. आता वरून धडधाकट दिसणारं मांजरही तपासता येऊ लागलं. हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरंच्या घरं तपासली आणि 1973 साली निष्कर्ष मांडला. ज्या घरात एक मांजर बाधित होतं, तिथल्या बाकीच्या निरोगी दिसणाऱ्या मांजरांपैकी सुमारे एक तृतीयांश मांजरांच्या रक्तात विषाणू होता. ज्यांचा बाधित मांजरांशी संबंधच आला नव्हता, त्यांच्यात तो जवळजवळ नव्हताच. आणि रक्ताचं नातं नसलेल्या मांजरांनाही तो लागत होता. म्हणजे सोबत राहिल्याने लागत होता.

पण सोबत राहून नेमकं काय होतं? 1977 साली डोनाल्ड फ्रान्सिस, मॅक्स एसेक्स आणि हार्डी यांनी दाखवलं की बाधित मांजराच्या लाळेत हा विषाणू भरपूर असतो. आता घरातली मांजरं दिवसभर काय करतात ते आठवून बघा. एकमेकांना चाटतात, एका वाटीत तोंड घालतात, एकाच पाण्याच्या भांड्यावर येतात. विषाणू तोंडानाकावाटे आत शिरतो, घशाजवळच्या ग्रंथींमध्ये वाढतो, मग अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतो आणि तिथून पुन्हा लाळेत उतरतो. बाधित आईकडून तो पिल्लांनाही मिळतो. लहान पिल्लं चटकन बळी पडतात. वय वाढतं तसा प्रतिकार वाढतो. शरीराबाहेर मात्र हा विषाणू फार टिकत नाही. वाळला की लवकर मरतो, साध्या साबणानेही नष्ट होतो. म्हणून पुन्हापुन्हा जवळ येणं हाच त्याचा खरा रस्ता.

इथून पुढचा भाग अवघड आहे. चाचणी आली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला. खेळत-खात असलेलं मांजर बाधित निघालं, तर त्याचं काय करायचं? घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची, बाधितांना बाजूला काढायचं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, असा मार्ग हार्डींनी सांगितला. ज्या घरांनी तो पाळला तिथला संसर्ग थांबला. पण 'बाजूला काढणं' म्हणजे अनेकदा त्या मांजराला मारणंच असायचं. हा विषाणू माणसाला लागेल, अशी भीतीही त्या काळात होती. पुढे पुष्कळ शोध घेऊनही तसा पुरावा मिळाला नाही.

हळूहळू समज वाढली. काही मांजरांचं शरीर विषाणूला दाबून टाकतं, त्यामुळे एकाच चाचणीवर निकाल लावायचा नसतो, हे कळलं. 1985 साली अमेरिकेत पहिली लस बाजारात आली. आज केवळ चाचणी बाधित आली म्हणून मांजराला मारू नये, असं तज्ज्ञ सांगतात. वेगळ्या खोलीत नीट सांभाळलं तर अशी काही मांजरं वर्षानुवर्षं चांगली जगतात.

या मांजरांचं आपल्यावरही एक ऋण आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एड्सचं कारण कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा 'हा मांजरांतल्यासारखा रेट्रोव्हायरस असू शकतो' असं म्हणणाऱ्या मोजक्या लोकांत एसेक्स आणि फ्रान्सिस होते. हा विषाणू प्रतिकारशक्ती कशी पोखरतो, ते त्यांनी मांजरांमध्ये पाहिलं होतं.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्याकडे, मग तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बंगळुरूला, नवं मांजर बहुधा रस्त्यावरून उचललेलं पिल्लू असतं. दया येते, आणि त्याच संध्याकाळी ते आधीच्या मांजरांच्या वाटीत जेवतं. तेवढं टाळा. आधी त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी ठेवा, पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या आणि ते सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. लसीबद्दलही त्यांनाच विचारा. चाचणी बाधित आली तर घाबरून त्याला परत रस्त्यावर सोडू नका; तिथल्या मांजरांनाही तो लागेल, आणि त्या पिल्लाला तर कुणीच उरणार नाही.

भेटू पुढच्या भागात.