अदृश्य शाईतील उत्तरे : 'हिचहायकर्स गाइड'चा कथाखेळ आणि वाचकाच्या प्रश्नाचा इतिहास

साहित्याच्या इतिहासात लेखकाची नोंद होते, कृतीची होते, आवृत्त्यांची आणि समीक्षेचीही होते. वाचकाचा प्रश्न मात्र सहसा नोंदला जात नाही. एखादी कादंबरी वाचताना वाचक नेमका कोठे अडखळला, कोणत्या प्रसंगाचा अर्थ लागेना म्हणून तो मागे वळला, शेवटाकडे येता येता त्याला कोणती शंका आली, हे सारे वाचनाबरोबरच विरून जाते. भाष्ये आणि टीकाग्रंथ उत्तरे देतात. पण ती ज्या प्रश्नांची उत्तरे असतात ते प्रश्न बहुधा टीकाकाराने स्वतःच योजलेले असतात. या दृष्टीने १९८०च्या दशकातील एका उपेक्षित छापील प्रकाराकडे पाहणे उद्बोधक ठरते. तो प्रकार म्हणजे संगणकीय कथाखेळांच्या मार्गदर्शक पुस्तिका. त्यांत प्रश्न उघड छापलेले आणि उत्तरे अदृश्य शाईत लपविलेली असत. वाचनेतिहासाच्या अभ्यासकाला एरवी जे हाती लागत नाही, ते येथे छापील स्वरूपात शिल्लक आहे.

या प्रकाराची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. विल क्राउदर याने १९७५-७६च्या सुमारास लिहिलेला आणि डॉन वुड्स याने १९७७मध्ये विस्तारलेला 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्दाधिष्ठित खेळ अमेरिकेतील विद्यापीठीय संगणकांवर पसरला. त्याच्या प्रभावातून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांनी 'झॉर्क' रचला आणि त्याच वर्तुळातून १९७९मध्ये 'इन्फोकॉम' ही संस्था उभी राहिली. या खेळांत चित्रे नसत. पडद्यावर निवेदन येई, वाचकाने साध्या इंग्रजीत आज्ञा टंकायची आणि यंत्राने तिला अनुसरून पुढचे निवेदन द्यायचे, असा हा व्यवहार होता. मेरी अ‍ॅन बकल्स यांनी १९८५मध्येच 'अ‍ॅडव्हेंचर'वर प्रबंध लिहून हा प्रकार साहित्यविचाराच्या कक्षेत आणला. पुढे एस्पेन आर्सेथ यांच्या १९९७मधील 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथाने त्याला सैद्धान्तिक चौकट दिली. परंतु या विवेचनाचा भर प्रामुख्याने संहितेच्या रचनेवर राहिला. अडलेल्या वाचकाने काय विचारले, हा मुद्दा दुय्यम ठरला.

अडणे हा या वाचनाचा अपवाद नसून त्याचा स्थायीभाव होता. 'कूट' ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही. गणेशाच्या लेखणीचा वेग रोखण्यासाठी व्यासांनी कूटश्लोक रचले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. तेथे कूट हे विलंबाचे साधन आहे. रोलाँ बार्थ यांनी 'एस/झेड' या १९७०च्या ग्रंथात रहस्याच्या संकेतव्यूहाचे जे विश्लेषण केले, त्यातही विलंब हेच मर्म आहे : प्रश्न उपस्थित करणे, उत्तर लांबविणे, अर्धवट किंवा फसवे उत्तर देणे आणि अखेर उलगडा करणे. मात्र कादंबरीत हा विलंब लेखकाच्या हाती असतो. वाचकाने पाने उलटली की उत्तर केव्हातरी येतेच. कथाखेळात ते आपोआप येत नाही. वाचकाला युक्ती सुचली नाही तर कथा तेथेच, कधी कधी कायमची, थांबते. येथला विलंब संहितेच्या योजनेइतकाच वाचकाच्या अज्ञानानेही घडविलेला असतो.

या थांबलेल्या वाचकांनी पत्रे लिहिली. 'झॉर्क'चे परीक्षण करणारे माइक डॉर्नब्रुक यांनी आरंभी त्या पत्रांना व्यक्तिशः, अल्प शुल्क आकारून उत्तरे दिली आणि त्यासाठी 'झॉर्क यूजर्स ग्रूप' चालविला. पत्रव्यवहाराचा भार वाढल्यावर, १९८२च्या सुमारास, 'इन्व्हिजिक्लूज' नावाच्या पुस्तिकांची कल्पना पुढे आली. प्रश्नाखाली रिकाम्या चौकटी असत. सोबत दिलेली खास लेखणी त्यांवरून फिरविली की अक्षरे उमटत. पहिली चौकट केवळ दिशा सुचवी, दुसरी थोडे अधिक सांगे आणि शेवटची पूर्ण उत्तर देई. किती उलगडावे आणि कोठे थांबावे हे वाचकाने ठरवायचे. बार्थ यांनी वर्णिलेला विलंब येथे लेखकाच्या हातून निघून वाचकाच्या हातातील लेखणीत आला, असे म्हणता येईल.

पुस्तिका तयार करणाऱ्यांपुढे एक अडचण होती आणि ती सैद्धान्तिकदृष्ट्या महत्त्वाची आहे. उत्तर झाकता येते, प्रश्न झाकता येत नाही. 'अमुक दार कसे उघडावे' असे छापले की तसे एक दार आहे, ते बंद आहे आणि ते उघडावे लागणार आहे, एवढे कथानक फुटलेच. यावर उपाय म्हणून खऱ्या प्रश्नांत काही खोटे प्रश्न मिसळण्यात आले. खेळात मुळातच नसलेल्या गोष्टींविषयीचे हे प्रश्न उघडणाऱ्या वाचकाला कानपिचकीच मिळे. प्रश्न तटस्थ नसतो, तो स्वतःच कथानकाचा सारांश असतो, ही जाणीव या क्लृप्तीमागे आहे. कृतीला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या कृतीविषयी काहीतरी आधीच गृहीत धरतो, ही समीक्षेलाही लागू पडणारी गोष्ट या व्यावसायिक पुस्तिकेने अत्यंत व्यवहारी कारणासाठी ओळखली होती.

या साऱ्याची कसोटी पाहणारा खेळ म्हणजे १९८४मध्ये प्रकाशित झालेला 'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी'. डग्लस अ‍ॅडम्स यांची मूळ कथा १९७८मध्ये बीबीसीवर नभोनाट्यमालिका म्हणून आली आणि १९७९मध्ये कादंबरीरूपाने प्रसिद्ध झाली. स्टीव्ह मेरेट्स्की यांच्या सहकार्याने अ‍ॅडम्स यांनी तिचा कथाखेळ रचला. आर्थर डेंट या सामान्य इंग्रज गृहस्थाचे घर पाडले जाते, पाठोपाठ पृथ्वीही नष्ट होते आणि फोर्ड प्रीफेक्ट या मित्रासह तो अंतराळात फेकला जातो, हा आरंभ वाचकाला पुस्तकातून ठाऊक होता. मूळ कादंबरी वाचलेल्यालाही खेळ पुरा करता येत नसे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. कथानक माहीत असणे आणि कथानक घडवून आणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कादंबरीत एक विनोदी विषयांतर आहे : प्रमाणाच्या हिशेबात चूक झाल्याने एक प्रचंड युद्धनौकांचा ताफा पृथ्वीवर येताच एका छोट्या कुत्र्याकडून गिळला जातो. वाचक हसतो आणि पुढे जातो. खेळात मात्र हेच विषयांतर कार्यकारणाची कडी बनते. आरंभी गावरस्त्यावर दिसणाऱ्या कुत्र्याला चीज सँडविच खाऊ घातले नसेल, तर पुष्कळ पुढे वाचक स्वतःच त्या ताफ्यात असताना भुकेला कुत्रा तो गिळून टाकतो. युद्धाचे निमित्तही वाचकाकडेच आहे. त्याने पूर्वी टंकलेले आणि यंत्राला न उमगलेले एक वाक्य अवकाश-कालाच्या फटीतून वाहत जाऊन अपमान म्हणून ऐकले जाते. वाचकाचा प्रमाद येथे कथानकातील घटना होतो.

उत्तरार्धातील अडचणी याच जातीच्या आहेत. एका दाराला बुद्धिमत्तेचा पुरावा हवा असतो. तो देण्यासाठी 'चहा' आणि 'चहाचा अभाव' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जवळ असाव्या लागतात आणि त्याकरिता आर्थरच्या मेंदूतून सामान्यज्ञानाचा कण आधी काढून टाकावा लागतो. दारापलीकडे मार्विन हा खिन्न यंत्रमानव आहे. यानाचे बाहेरचे दार उघडून देण्यासाठी तो एक हत्यार मागतो. अशी हत्यारे दहा आहेत आणि त्यांत पृथ्वीवरच्या शयनगृहातील एक टूथब्रशही आहे. दहांपैकी एखादे जरी जमविलेले नसले, तरी मार्विन नेमके जवळ नसलेलेच मागतो. वाचक हरतो, पुन्हा आरंभापासून खेळतो, ते हत्यार घेऊन येतो आणि तेव्हा मार्विन दुसरेच मागतो. हा योगायोग नसून नियम आहे, हे निवेदन कोठेच सांगत नाही. पृथ्वी तर आरंभीच नष्ट झालेली. राहून गेलेल्या टूथब्रशाकडे परतण्याची वाट उरलेली नसते.

अ‍ॅरिस्टॉटलपासून कथानकाचा विचार घटनांच्या संभाव्य अथवा आवश्यक अनुक्रमाच्या आधारे होत आला आहे. या खेळात तो अनुक्रम अस्तित्वात आहे, परंतु तो वाचकाला दिसत नाही. त्याला दिसते ते केवळ अपयश. 'मार्विन नेहमी माझ्याजवळ नसलेलेच का मागतो?' हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर बाहेरून मिळाले, तरच आरंभ आणि शेवट यांची सांगड त्याला उमगते. येथे मार्गदर्शन हा कथानकाचा सारांश नव्हे. वाचकाच्या जाणिवेत कथानकाला आकार येतो तोच मुळी त्याच्यामुळे. म्हणून उत्तरार्धाविषयीची बहुतेक उत्तरे वाचकाला पूर्वार्धाकडे पाठवितात. वोल्फगांग ईझर यांनी वाचकाने भरावयाच्या रिक्त जागांचे विवेचन केले. पण त्यांच्या वाचकाने जागा भरली नाही तरी पुस्तक पुढे चालते. येथे ते चालत नाही.

खेळाने या मार्गदर्शनाचे आपल्या अंतरंगातही एक प्रतिरूप ठेवले आहे. फोर्ड, ट्रिलियन, झाफोड यांच्या जागी उभे राहून वाचकाने खिशात वा आसनाखाली साठणाऱ्या धाग्यांचे चार बोळे गोळा करायचे, ते कुंडीत पेरायचे आणि उगवलेल्या झाडाचे फळ खायचे. त्यामुळे मार्विन कोणते हत्यार मागणार याचे भविष्यदर्शन होते. विशेष म्हणजे असा एक बोळा आणि 'सूक्ष्म ताफा' म्हणून एक रिकामी दिसणारी प्लॅस्टिकची पिशवी खेळाच्या वेष्टनातच घातलेली होती. उत्तरार्धातील दोन मोठ्या कूटांचे साहित्य पहिली आज्ञा टंकण्यापूर्वीच वाचकाच्या हातात होते. त्याला ते केवळ गंमत वाटत असे. जेरार जनेत यांनी १९८७मध्ये मुखपृष्ठ, प्रस्तावना, टिपा इत्यादींना संहितेचा उंबरठा म्हटले. येथे उंबरठ्यावरची वस्तूच घराची किल्ली आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो डावलण्यासारखा नाही. पुस्तिका वेगळी किंमत देऊन घ्यावी लागे. तेव्हा संहितेतील अन्याय्य अवघडपणा हा पुस्तिकेच्या विक्रीला पोषकच होता. टूथब्रश विसरलेल्याला अखेरच्या टप्प्यावर पराभूत करणे याला कलात्मक विलंब म्हणावे की केवळ छळ? अ‍ॅडम्स यांच्या विनोदाचा विश्वाच्या बेपर्वाईशी असलेला संबंध ध्यानी घेतला, तर या छळात आशयाची संगती आहे. परंतु तिचा आस्वाद घेण्याची ऐपत ज्याच्याजवळ पुस्तिका होती त्यालाच होती. संहितेचे न्यून बाह्य साहित्याने भरून निघते तेव्हा संहितेला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. तथापि या मान्यतेने पुस्तिकेचे ऐतिहासिक मूल्य घटत नाही, उलट वाढते. संहिता कोठे वाचकाला सोबत नेऊ शकली नाही, याचा तो लेखी पुरावा आहे.

हा पुरावा टिकाऊ नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. १९८६मध्ये 'अ‍ॅक्टिव्हिजन'ने 'इन्फोकॉम' विकत घेतली. १९८७च्या नव्या आवृत्तीत सूचना खेळाच्या आतच समाविष्ट झाल्या. १९८९मध्ये संस्थेचे केंब्रिज येथील कार्यालय बंद झाले. २००४मध्ये बीबीसीने हा खेळ चित्रांसह महाजालावर आणला आणि नव्या वाचकांना तो सुलभ झाला. कार्यक्रमाची संहिता अशा रीतीने जतन झाली. पुस्तिकांचे तसे नाही. लेखण्या वाळल्या, उमटलेली अक्षरे वर्षांगणिक पुसट होत गेली. जी चौकट कुणी उघडली तीच मिटू लागली. कोणत्या वाचकाने किती चौकटी उघडल्या, कोठे पहिल्याच सूचनेवर थांबून स्वतः विचार केला, ही एकेका प्रतीत साठलेली वाचनाची खूण त्याबरोबर जाते. आज तीच उत्तरे उघड अक्षरांत सहज वाचता येतात, पण क्रमाने उलगडण्याची ती पायरी त्यांत उरत नाही. उत्तर राहते आणि प्रश्नाचा काळ हरवतो.

मार्विनने दार उघडल्यावर वाचक मॅग्राथिया या ग्रहावर पाऊल ठेवतो आणि पुढील भागाचे आश्वासन देऊन खेळ संपतो. तो पुढील भाग कधीच प्रसिद्ध झाला नाही आणि अ‍ॅडम्स २००१मध्ये निवर्तले. 'पुढे काय झाले?' हा कथेविषयीचा सर्वांत जुना प्रश्न. चौकटी झिजवून शेवटापर्यंत पोचलेल्या वाचकाकडे तो तेवढा अनुत्तरित उरला. संगणकीय कथासाहित्याचा इतिहास जेव्हा सविस्तर लिहिला जाईल, तेव्हा त्याने रचनाकारांच्या नावांबरोबर या प्रश्नांचीही नोंद घेतली पाहिजे. कारण ही कथा यंत्राने अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी, अडलेल्या माणसांनी विचारली म्हणूनच, सांगावी लागली.