मानसशास्त्राची विद्या आणि तिचें वेतन

बारामती-इंदापूरकडील एखाद्या घरांत मुलीनें "मी मानसशास्त्र घेणार" असें सांगितलें, कीं वडील मंडळी लागलीच विचारतात, "पण पुढें पोटापाण्याचें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर या विद्येच्या इतिहासांतच सांपडतें.

आपल्या देशांत मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग प्रथम कलकत्ता विद्यापीठांत १९१६ सालीं निघाला. मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ मध्यें स्थापन झालें व दुसऱ्याच वर्षीं त्याच्या आश्रयानें बालमार्गदर्शन केंद्र उघडलें. पुणें विद्यापीठाचा प्रायोगिक मानसशास्त्र विभाग १९५० चा. तथापि त्या काळीं ही विद्या शिकलेल्या माणसास मुख्य आधार होता तो ती इतरांस शिकविण्याचाच.

त्या वाटेवरील वेतनाचा आलेख स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणींत अधिव्याख्यात्याचें मूळ वेतन १९७३ पासून ७०० ते १६००, १९८६ पासून २२०० ते ४००० व १९९६ पासून ८००० ते १३५०० रुपये झालें. २०१६ पासूनच्या श्रेणींत साहाय्यक प्राध्यापकाचा आरंभच ५७,७०० रुपयांवर होतो. मधल्या काळांत रुपयाची किंमत उतरली, हें अर्थात् ध्यानांत धरावें. शिवाय तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकास ही श्रेणी लागू होत नाहीं. त्याला मिळतो तो तासांचा मोबदला.

दुसरी वाट उपचाराची. बंगळूर येथें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९५४ सालीं उभी राहिली आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ तयार होऊं लागले. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यानें त्यांची नोंदणी आवश्यक ठरविली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें त्यांची व्याख्याही केली. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाल्यावर सरकारी सेवेंत पदें आलीं. पण त्यांपैकीं पुष्कळ कंत्राटी, ठराविक मानधनाचीं. म्हणजे कायद्यानें प्रतिष्ठा दिली, परंतु स्थैर्य तितकें दिलें नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ सालीं निघालें आणि पदवीचें शिक्षण घराजवळ आलें. २०१९ मध्यें तेथेंच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. मनाचें दुखणें अंगारेधुपाऱ्यांवर न सोंपवितां रुग्णालयांत न्यावें, ही सोय त्यामुळें जवळ आली. मात्र केवळ पदवीनें, किंवा पदव्युत्तर पदवीनेंही, उपचाराचा अधिकार आपोआप मिळत नाहीं. त्यासाठीं मान्यताप्राप्त संस्थेंतील प्रत्यक्ष रुग्णांमधलें प्रशिक्षण लागतें, आणि त्याकरितां बहुधा मोठ्या शहरीं राहण्याचा खर्च सोसावा लागतो.

म्हणून "मानसशास्त्रांत पगार किती?" असें न विचारतां, "कोणत्या वाटेनें जाणार, आणि तिचा परवाना कोण देतो?" असें मुलीस विचारावें. पहिल्या प्रश्नानें तिचा हिरमोड होतो. दुसऱ्यानें तिला पुढील पांच-सात वर्षांचा हिशेब मांडतां येतो.